हुतात्म्यांना शिलालेख, जायबंदींना तारखा

कारगिलच्या लढाईत ५२७ भारतीय सैनिक कामी आले, हा आकडा आज शाळकरी मुलालाही पाठ आहे. दर वर्षी २६ जुलैला तो व्यासपीठांवरून उच्चारला जातो आणि पुष्पचक्रे वाहिली जातात. त्याच लढाईत १,३६३ सैनिक जखमी झाले, हा त्याच सरकारी हिशेबातील दुसरा आकडा. तो मात्र कोणत्याही व्यासपीठावरून ऐकू येत नाही. मेलेल्यांच्या अडीच पटींहून अधिक असलेली ही माणसे गेली कुठे? काही बरी होऊन पुन्हा पलटणीत गेली. काहींचा पाय गेला, काहींचे डोळे गेले, काहींच्या कण्यात गोळी अडकून कमरेखालचे अर्धे शरीर कायमचे बधिर झाले. ती घरी परतली आणि राष्ट्राच्या स्मरणातून बाहेर पडली.

आमच्या मते हा केवळ विसराळूपणा नाही, त्यामागे एक साधा हिशेब आहे. मेलेला सैनिक काही मागत नाही. त्याच्या नावापुढे दिवा लावला, बिगूल वाजवला की सत्ताधाऱ्यांचे कर्तव्य संपते. जायबंदी सैनिक मात्र जिवंत असतो. त्याला भूक लागते, त्याचा कृत्रिम पाय झिजतो, त्याला मुलांच्या शिक्षणाची चिंता असते आणि तो दर महिन्याला आपल्या निवृत्तिवेतनाची चौकशी करतो. दगडावर कोरता येईल असा तो नाही.

स्मारकांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. पहिल्या महायुद्धात साम्राज्याच्या कामी सुमारे ७४ हजार हिंदी शिपाई मेले आणि जवळपास तितकेच जखमी झाले. दिल्लीच्या इंडिया गेटवर जी तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत ती सर्व मृतांची. महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या चावडीवर अथवा वेशीवर त्या काळच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके परतले नाहीत, असे दोन आकडे त्यांवर असतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर फौजेतील भरतीमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. तेथील स्मारकशिळा पहिल्या महायुद्धातील ४६ मृतांची साक्ष देते. जे परतले पण धडधाकट परतले नाहीत, त्यांच्यासाठी या पाट्यांवर तिसरा आकडा नाही. ब्रिटिशांना तो नको होता, कारण कुबड्या टेकीत चालणारा माणूस पुढच्या भरतीच्या दृष्टीने गैरसोयीचा असतो. स्वतंत्र भारताने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन केले आणि त्याच्या वर्तुळाकार भिंतींवर २५,९४२ नावे कोरली. तेही योग्यच झाले. पण हिशेबाची पद्धत साम्राज्याचीच राहिली.

या अंकात आम्ही मध्य प्रदेशातील सिहोऱ्याचे नाव घेत आहोत, त्याला कारण आहे. मुंबईहून इटारसीमार्गे प्रयागराजकडे जाणारी गाडी जबलपूर सोडून कटनीच्या दिशेने निघाली की वाटेत सिहोरा रोड हे स्थानक लागते. जबलपूर जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव. हिरन नदीच्या खोऱ्यातील शेती आणि आसपासच्या खाणींतील लोहखनिज यांवर हा मुलूख जगतो. ज्यांना शेती पुरत नाही आणि खाणीत काम मिळत नाही, त्यांच्या मुलांसमोर जबलपूरची भरती हाच मार्ग उरतो. जबलपूर हे फौजेचे शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे तेथे आहेत, सिग्नल दलाचे प्रशिक्षण तेथे चालते, तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून तेथे उभा आहे, खमरियात दारूगोळा भरला जातो आणि १९६९ पासून लष्करी मोटारी बनतात. शिपाईही येथेच घडतो आणि त्याच्या हातातील तोफगोळाही. जायबंदी सैनिकाचे स्मारक कुठे व कसे असावे, हा प्रश्न विचारायला याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

याच जबलपूरशी नाते असलेली कारगिलची एक हकीकत आहे. त्या लढाईत चार परमवीरचक्रे दिली गेली, त्यांपैकी तीन या दोन रेजिमेंटांच्या वाट्याला आली. जम्मू-काश्मीर रायफल्सचे कॅप्टन विक्रम बत्रा यांना ते मरणोत्तर मिळाले. त्याच रेजिमेंटचे संजय कुमार आणि ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव हे दोघे मात्र गोळ्या अंगावर झेलून जिवंत राहिले. त्यांचे पराक्रम ४ जुलै १९९९ च्या आगेमागे, काही तासांच्या अंतराने घडले. यादव तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. टायगर हिलवर शरीराची चाळण झालेल्या अवस्थेत त्यांनी शत्रूचे मोर्चे उद्ध्वस्त केले आणि पुढच्या हल्ल्याची खबर खाली पोहोचवली. पुढे काय झाले? सरकारने त्यांचे परमवीरचक्र आरंभी मरणोत्तर म्हणून जाहीर केले. त्याच नावाचा दुसरा एक जवान त्या लढाईत धारातीर्थी पडला होता. परमवीर यादव इस्पितळात उपचार घेत आहेत हे नंतर ध्यानात आले.

नामसादृश्याने झालेली ही चूक होती आणि ती लगेच सुधारली गेली, हे आम्ही जाणतो. तरीही तिच्यातून सरकारी यंत्रणेचे मन उघड होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. मेलेला वीर तिच्या कागदात सहज बसतो. जिवंत जखमी वीर इस्पितळाच्या खाटेवर पडलेला आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

पुढे तर दर वर्षी सांगावे लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येक सैनिकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. एरवी या नियमात गैर काही नाही. पण ज्याचे दोन्ही हात गेले त्याने अंगठा कुठे टेकवायचा, ज्याचे डोळे गेले त्याने यंत्रासमोर कोणती बुबुळे धरायची, याचा विचार नियम करणाऱ्यांनी किती केला? सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराजच्या लेखा कार्यालयातून होते. जबलपूरहून तिकडे जाणारा लोहमार्ग सिहोऱ्यावरूनच जातो. आता हा व्यवहार ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर आला आहे, तेव्हा कागदाला आगगाडीचीही गरज उरलेली नाही. गरज उरली आहे ती तहसिलीच्या गावी बसून, म्हाताऱ्या हवालदाराच्या शेजारी खुर्ची ओढून, तो अर्ज भरून देणाऱ्या माणसाची. तो माणूस नेमायला पैसा नाही.

सैनिकाच्या जखमेचे मोल सरकार कसे करते, हे सर्वसाधारण वाचकाला ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. शत्रूच्या गोळीने झालेली जखम असेल आणि त्यामुळे सेवा सोडावी लागली असेल, तर शंभर टक्के अपंगत्वाला अंतिम वेतनाइतका युद्धजखमेचा भाग मिळतो. कवायतीत, सीमेवरच्या गस्तीत अथवा हिमप्रदेशातील पहाऱ्यात तोच पाय गेला तर हा भाग वेतनाच्या तीस टक्क्यांवर येतो. त्याहीपूर्वी अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवले वा बळावले हे मान्य व्हावे लागते, आणि खरी झुंज येथेच सुरू होते. भरतीच्या दिवशी डॉक्टरांनी ज्याला निरोगी ठरवले, तो पंधरा वर्षांनी रोगी होऊन बाहेर पडला, तर रोग सेवेत जडला असे मानणे हाच शहाणपणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, सैनिकावर नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

त्याने खटले थांबले का? मुळीच नाही. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची सवलत पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीने १ जानेवारी १९९६ पासून लागू धरली गेली, पण ती अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांपुरतीच ठेवली. अपंगत्व अंगावर वागवीत मुदत पूर्ण करणाऱ्याला तीच सवलत मिळण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मधल्या अठरा वर्षांत किती अर्जदार वारले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच अपंग सैनिकांविरुद्ध सरकार करीत असलेल्या अपिलांवर बोट ठेवले आणि ती मागे घेण्याची शिफारस केली. सरकारने नेमलेली समिती सरकारलाच सांगते की आपल्या जायबंदी शिपायाला कोर्टात खेचू नका! या शिफारशीनंतरही अपिले होतच राहिली.

त्यानंतर २४ जून २०१९ चे प्राप्तिकर खात्याचे परिपत्रक आले. अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांनाच करमाफी, पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्या अपंगांना नाही, असा भेद त्याने केला. युद्धस्मारकाच्या उद्घाटनाला तेव्हा चार महिनेच लोटले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांत अपंगत्व सोसूनही सेवेत राहिलेल्यांच्या वाट्याला येणाऱ्या रकमेचे नावच बदलले. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा भाग जाऊन ‘साहाय्य’ आले. शब्दाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. निवृत्तिवेतन हा हक्क असतो, साहाय्य ही मेहेरबानी असते. आज शब्द बदलला, उद्या रक्कम बदलायला वेळ लागत नाही. कामगार चळवळीला हा डाव नवा नाही. बोनस हे राखून ठेवलेले वेतन आहे की मालकाची बक्षिसी, या वादात तिने वर्षानुवर्षे झुंज दिली आहे.

आता दुसरी बाजू. जायबंदींचे खरे स्मारक या देशात उभेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते पुण्यात आहे, फक्त त्याला कोणी स्मारक म्हणत नाही. १९१७ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीच्या नावाने तांत्रिक शाळा निघाली आणि पुढे ती खडकीला गेली. ती काढणाऱ्यांच्या मनात साम्राज्याचे हित होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ या शाळेने हात-पाय गमावलेल्या शिपायांच्या हाती हुन्नर दिला, हे सत्य नावावरून नाकारता येत नाही. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ मध्ये, बांगलादेशच्या युद्धानंतर, खडकीलाच पक्षाघाती सैनिकांचे पुनर्वसन केंद्र निघाले. कण्याला इजा झालेले जवान तेथे चाकांच्या खुर्चीत बसून काम करतात, खेळतात, काही तर तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. या संस्थांना आजही लोकांच्या देणग्यांचा आधार घ्यावा लागतो. तोफेसाठी वर्गणी काढल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे या सगळ्या प्रश्नाचे चालतेबोलते उदाहरण. सांगली जिल्ह्यातील हा मुलगा लहानपणीच फौजेच्या तांत्रिक दलात गेला, मुष्टियोद्धा झाला. १९६५ च्या युद्धात त्याला गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल इस्पितळात उपचार घेताना तो पाण्यात उतरला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. वैयक्तिक स्पर्धेत भारतीयाने ऑलिंपिक वा अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले सुवर्णपदक. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी करून त्यांनी संसार केला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, पदकानंतर बावन्न वर्षांनी, आणि तोही त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाल्यानंतर! सुवर्णपदक जिंकणाऱ्याची ही कथा, मग सिहोऱ्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात भिंतीला टेकून बसलेल्या शिपायाची दखल कोण घेणार?

हे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेने युद्धात अपंग झालेल्या आपल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्र स्मारक बांधले आणि ५ ऑक्टोबर २०१४ रोजी खुद्द अध्यक्ष ओबामांनी त्याचे लोकार्पण केले. ताऱ्याच्या आकाराचे जलाशय, मध्ये तेवती ज्योत, सारे काही देखणे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या माजी सैनिक खात्याच्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला होता. सरकारी इस्पितळांत आजारी सैनिक महिनोन्महिने ताटकळत होते आणि प्रतीक्षायादी खोट्या नोंदींनी झाकली जात होती, हे उघडकीस आले म्हणून. ज्योत ऑक्टोबरमध्ये पेटली, यादी मे महिन्यात उघडी पडली. जगातील सर्वांत धनाढ्य भांडवलशाही राष्ट्राची ही अवस्था आहे.

आपल्याकडे आता याहून गंभीर वळण आले आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने शिपायाची भरती चार वर्षांवर आणली. त्यांतून पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होणार, उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. अपंगत्व आले तर टक्केवारीप्रमाणे ४४ लाख, २५ लाख अथवा १५ लाख रुपये एकरकमी, त्यासोबत सेवानिधी, आणि पूर्ण अपंगत्व असल्यास उरलेल्या मुदतीचे वेतन. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण वीस वर्षांच्या मुलाचा कणा मोडला तर त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे असतात. महागाईभत्ता वाढत जातो तो निवृत्तिवेतनावर, बँकेतल्या ठेवीवर नाही. पूर्वीच्या शिपायाशी सरकारचे नाते त्याच्या हयातीपर्यंत होते, मग ते कितीही कुरकुरत निभावलेले असो. आता एक धनादेश दिला की नाते संपले. कंत्राटी कामगाराला मालक ज्या रीतीने हात झटकून मोकळा होतो, त्याच रीतीने. खांद्याला खांदा लावून एकाच खंदकात लढलेल्या दोन जवानांपैकी एकाच्या जखमेला जन्मभराचा हक्क आणि दुसऱ्याच्या जखमेला ठोक रक्कम, हा भेद कोणत्या न्यायाने?

आणखी एक गोष्ट, जी अशा स्मारकांच्या चर्चेत कोणी काढत नाही. जबलपूरला जखमी होणारे केवळ गणवेशातलेच नसतात. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार मेले, अनेक होरपळले. तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ कामगार मृत्युमुखी पडले. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी खात्याऐवजी सात कंपन्यांत विभागले गेले आहेत आणि त्याच वर्षी कायदा करून तेथील संपाचा हक्क हिरावून घेतला गेला. शत्रूची गोळी नसली तरी ही देशाच्या दारूगोळ्यानेच झालेली जखम आहे. कुठल्याच शिलालेखात ती बसत नाही.

तसेच २७ फेब्रुवारी १९४६ ची जबलपूरची जखमही बसत नाही. नाविकांच्या बंडानंतर अवघ्या नऊ दिवसांनी सिग्नल दलाच्या प्रशिक्षण केंद्रातील शिपाई बराकींबाहेर पडले, आझाद हिंद फौजेच्या बंदींची सुटका मागत शहरात गेले. त्यांच्यावर संगिनी चालल्या, पुढे कित्येकांना निवृत्तिवेतनाविना बडतर्फ करून घरी धाडले गेले. त्या शिपायांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? आम्ही आमच्याही चळवळीला हा प्रश्न विचारतो. शिपाई म्हणजे गणवेश चढवलेला शेतकरी, हे आम्ही सभांतून पुष्कळदा म्हटले, पण तो गणवेश उतरवून लंगडत गावी परतला तेव्हा त्याच्या अर्जापाशी किसान सभेचा कार्यकर्ता नेहमीच बसला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तेव्हा सिहोऱ्यासारख्या गावी युद्धात जायबंदी झालेल्यांचे स्मारक उभारायचे झाले, तर ते कसे असावे? आमचे मत स्पष्ट आहे. दगड जरूर उभारा. त्यावर तहसिलीतील मृतांच्या खाली जखमींची नावे कोरा, त्यांची संमती घेऊन, ते वाचायला जिवंत असतानाच. पण त्या दगडाच्या मागे दोन खोल्या बांधा. एका खोलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कारकून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बसावा, हयातीचे दाखले आणि अपिलाचे कागद त्याने तेथेच पुरे करावेत, आणि जो खाटेवरून उठू शकत नाही त्याच्या घरी त्याने स्वतः जावे. दुसऱ्या खोलीत कृत्रिम पायाचे पट्टे, बिजागऱ्या आणि चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती करणारा कारागीर असावा. तो खडकीच्या शाळेत शिकलेला जायबंदी जवानच असला तर उत्तम. आज झिजलेल्या पायासाठी माणसाला शेकडो मैलांवरच्या पुण्याची वाट धरावी लागते. त्या खोल्यांत अग्निवीरालाही जुन्या हवालदाराइतकाच हक्क हवा आणि खमरियाच्या भाजलेल्या कामगारालाही दार उघडे हवे.

यासाठी लागणारा खर्च एका तोफगाड्याच्या किमतीपुढे नगण्य आहे. दिल्लीने प्रथम इतके तरी करावे: अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची आपली प्रलंबित अपिले मागे घ्यावीत, ‘साहाय्य’ हा शब्द पुसून पूर्वीचा हक्क नियमांत परत आणावा, आणि अग्निवीराच्या जखमेला आजन्म निवृत्तिवेतन लागू करावे. जबलपूरच्या खासदाराने आणि सिहोऱ्याच्या आमदाराने या तीन मागण्यांवर आपली सही करावी, मग २६ जुलैच्या कार्यक्रमात फूल वाहायला यावे.